मानाच्या सावल्या

"मॅडम, मी फेल केलेली टेस्ट पास झालीय," नौशाद मुजावर म्हणाला. म्हणताना त्याने आवाज असा खाली आणला, की जणू कुणाच्या घरातली भानगड सांगतोय.

शर्वरी इंगवले दोन दिवसांच्या रजेवरून त्याच सकाळी कामावर आली होती. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यांच्या डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब, आणि थेंब घातले की त्यांचं "दुसऱ्या सुनेच्या हातानं झोंबत नव्हतं हो" हे वाक्य. एवढं सगळं सोसून आल्यावर ऑफिस म्हणजे विश्रांतीच वाटायला हवी होती.

"कुठली टेस्ट?"

"दोनशे बारा. लाइट जाऊन येण्याची."

शर्वरीने पर्स खुर्चीवर ठेवली ती तशीच राहिली. ती स्वतः उभीच राहिली.

खराडे मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत डायलिसिसची मशीन बनवायची आणि त्या मशीनच्या आत चालणारं सॉफ्टवेअरही. सांगलीपासून सावंतवाडीपर्यंत अशी तीनशे चाळीस मशीन लागलेली होती. त्यांची नवी आवृत्ती आज, गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता नेटवर्कवरून एकदम सगळीकडे जाणार होती. मशीन रक्त धुतं, तसंच शरीरात साचलेलं जास्तीचं पाणीही काढतं. कुणाचं किती काढायचं ते डॉक्टर ठरवतात, आणि किती काढून झालं याचा आकडा मशीन मोजत राहतं. दोनशे बारा नंबरच्या चाचणीत नौशादने काय केलं होतं, तर मशीन चालू असताना दीड सेकंद वीज घालवली आणि परत आणली. आपल्याकडे ज्याला लाइट फडफडली म्हणतात, तेवढंच. जुन्या आवृत्तीत आकडा जिथल्या तिथे राहायचा. नव्या आवृत्तीत तो शून्यावर येत होता.

"म्हणजे तीन लिटर काढायचंय, दोन काढून झालंय," नौशाद म्हणाला, "आणि लाइट फडफडली. मशीनला वाटतंय, अजून सुरुवातच हाय. ते आणखी तीन लिटर ओढतंय."

"पाच लिटर."

"व्हय. मी तीनदा केली. तिन्ही वेळा तेच. लाल शेरा मारला, चित्रं जोडली. आणि काल सकाळी बघतो तर शेऱ्यावर शिक्का, 'संमती गटाने धोका स्वीकारला'. तेरा विरुद्ध चार."

"गटाला विचारलं कुणी?"

"गटाला कोण विचारतंय मॅडम? गटाच्या सावल्यांनी दिलं मत."

इथे जरा थांबून हे सावल्यांचं प्रकरण सांगायला हवं. सन २०३९मध्ये ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. विजेचा मीटर कसा चालतो, हे जसं कुणी विचारत नाही, तसं.

'पारख' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांची ती वही समजा. कुठली चाचणी, कुणी केली, काय निघालं, आणि त्या निकालावर शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं त्यात. फार पूर्वी अशा वहीत प्रत्येक माणसाला वेगवेगळी परवानगी द्यावी लागे. मग लोक शहाणे झाले. त्यांनी गट पाडले: नुसतं बघणाऱ्यांचा एक, चाचण्या करणाऱ्यांचा एक, आणि संमती देणाऱ्यांचा एक. हक्क माणसाला नाही, गटाला. माणूस गटात आला की हक्क आपोआप अंगाला चिकटले, गटातून गेला की गळून पडले. मालकाच्या लहरीवर मशीन बाजारात जाऊ नये, म्हणून पुढे कायदाच झाला. रुग्णाच्या अंगाला लागणाऱ्या मशीनचा फैसला संमती गटाच्या बहुमतानेच व्हायचा, तो मालकालासुद्धा फिरवता येणार नाही.

कायदा चांगला होता. फक्त माणसं वेळेवर मत देईनात. कुणी प्रवासात, कुणी मीटिंगमध्ये, कुणी नुसतंच आळशी. तेव्हा 'पारख'ने सावली काढली. प्रत्येक सदस्याने आजवर काय मत दिलं, देण्याआधी किती वेळ वाचलं, काय शंका विचारली, कुणाचा फोन आल्यावर विचार बदलला, हे सगळं शिकून यंत्राने त्या माणसाच्या निर्णयाचा साचा तयार केला. सदस्य सहा तास बोलला नाही, तर त्याची सावली बोलायची. तपासून पाहिलं तर शंभरात सत्त्याण्णव वेळा सावली आणि माणूस एकच उत्तर देत. सावली खोटं बोलत नव्हती, ही तिची खोड होती. माणूस जसा वागत आला, तशीच ती वागायची.

आता गट. कायद्याप्रमाणे संमती गटात जाणती माणसं हवीत. खराड्यांच्या कंपनीत पाच होती: चार टेस्टर आणि शर्वरी. पण गटाचं नाव 'संमती', आणि आपल्याकडे जिथे संमती विचारतात तिथे मान आला. लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून वीस वर्षं न बोललेली भावकी ज्या गावात आहे, त्या गावात गटाची यादी पाचावर थांबेल कशी? पहिलं नाव संस्थापक आबासाहेब खराड्यांचं. ते आलं म्हणून सूनबाई जयश्रीवहिनींचं. वहिनी आल्या म्हणून आबासाहेबांचे मेहुणे रुसले, त्यांचं. मग उद्घाटनाला आलेले दोन डॉक्टर. बँकेचे निवृत्त मॅनेजर. साखर कारखान्याचे दोन संचालक, एक नगरसेवक. कॅनडातला पुतण्या, कारण पहिलं कॉम्प्युटर त्याने पाठवलं होतं. कंपनीला जागा मिळवून देणारे दत्ताजीराव घोरपडे. हे दत्ताजीराव दीड वर्षापूर्वी वारले, पण यादीतून नाव काढायला कुणाचा हात धजेना. त्यांची सावली अजून नेमाने मत देत होती, आणि खरं सांगायचं तर हयातीत दत्ताजीराव जेवढे वक्तशीर नव्हते तेवढी ती होती.

ही सगळी नावं शर्वरीनेच घातली होती. गटांची व्यवस्थापक तीच. आबासाहेबांचा फोन यायचा, "शर्वरी, अमक्याचं नाव घाल की तेवढं," आणि ती घालायची. तेवढ्याने काय बिघडतं?

बिघडलं होतं ते आता समोर होतं. तेरा विरुद्ध चार.

"पाचच्या आत मत बदलता येतं," ती म्हणाली. "ज्याचं त्याने स्वतः. नऊ जण 'नाही' म्हणाले की झालं. तुम्ही चार आहात, मी पाचवी. आणखी चार हवेत."

"चार मिळतील?"

"माणसंच आहेत ना ती?"

नौशाद यादी पुन्हा वरून वाचू लागला. तो टेस्टर होता. एखादी गोष्ट चालेल असं करून बघितल्याशिवाय म्हणायची त्याला सवय नव्हती.

अकरा वाजल्यापासून तिने फोन लावायला घेतले. जयश्रीवहिनी पार्लरमध्ये होत्या. "अगं, केसाला रंग लावलाय, हात कुठे लावू फोनला? कुठलं ॲप? ते मी कधीच काढून टाकलं, फोन अडकत होता." एक डॉक्टर ऑपरेशनमध्ये, दुसरे परिषदेत. मेहुणे म्हणाले, "आबांना विचारलंस? आबा काय म्हणतात ते माझं." कॅनडात झोपायची वेळ. बँक मॅनेजरांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे मी सदस्य आहे तर! बरं वाटलं हो ऐकून." मत बदलायला पासवर्ड लागतो हे कळल्यावर ते गेल्या दिवाळीपासून कुठल्या डायरीत काय लिहिलंय ते शोधायला गेले, ते परत आलेच नाहीत.

तीन वाजता तिने आबासाहेबांना फोन केला.

"बोल. जेवलीस का?"

"नाही अजून. आबासाहेब, ती दोनशे बारा…"

"नौशादचं ना? कळलंय मला. पोरगं हुशार हाय, पण भित्रं. अगं, लाइट जातीय म्हणून मशीन थांबवायचं म्हटलं, तर आपल्याकडं काय म्हणून सुरू व्हायचं न्हाई. पुढच्या महिन्यात दुरुस्त करा की."

"पुढच्या महिन्यापर्यंत कुणाचं तरी पाच लिटर पाणी निघेल. माणूस खुर्चीतच जाईल."

"नर्स असतीय शेजारी. आणि मी दोन हॉस्पिटलच्या विश्वस्तांपुढं तारीख सांगून बसलोय. हारतुरे झालेत." मग आवाज मऊ झाला. "शर्वरी, आपल्या तोंडानं आजवर कुणाला 'नाही' म्हटलेलं न्हाई बघ. पंच्याहत्तर वर्षं झाली. आता ह्या वयात म्हणायला लावतीस?"

"मग ज्यांना बघायला वेळ नाही त्यांची नावं मी गटातून काढते. मतं पुन्हा मोजली जातील."

"दत्ताजीच्या बायकोला काय सांगू? नवरा गेला, आता नावपण गेलं म्हणून? मान दिलेला परत घेत न्हाईत, बाळ. आणि घ्यायचाच झाला, तर पहिलं कुणाचं नाव काढायचं ते मग मी ठरवीन."

शर्वरीने फोन ठेवला. फ्लॅटचे हप्ते, नवऱ्याचं बदलीचं लटकलेलं, मुलीची दहावी, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून हजेरी घेतल्यासारखं गेलं. आणि त्यांच्या मागे, कुठल्या तरी खोलीत, हाताला नळ्या लावून पेपर वाचत बसलेला एक माणूस. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. दिसला असता तर बरं झालं असतं, असं वाटावं इतका तो कुणीही होता.

गट दुरुस्त करायचा तर दोन हात लागत. एक व्यवस्थापकाचा, दुसरा गटातल्या अशा सदस्याचा जो कंपनीचा पगार घेत नाही. नौशादचा हात चालला नसता. यादीतल्या बिनपगारी माणसांमध्ये आबासाहेबांना न घाबरणारा एकच होता. तिने लॅपटॉप उचलला आणि स्कूटर ताराबाई पार्काकडे वळवली.

हुपरीकर सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इंजिनियरिंगला त्यांनी शर्वरीला एकच सर्किट सात वेळा जोडायला लावलं होतं, आणि सातव्यांदा दिवा लागल्यावर म्हणाले होते, "आता तू सहा चुका ओळखतेस." त्यांची नजर आता जवळजवळ गेली होती. गटात त्यांचं नाव तिनेच, कुणी न सांगता, घातलं होतं. गुरुदक्षिणा म्हणून.

"ये ये," आवाजावरून ओळखून ते म्हणाले. "मी तुला आठवतच होतो. परवा संध्याकाळी फोन बोलला, 'आपलं मत नोंदवलं आहे.' रोज बोलतो. ऐकलं की बरं वाटतं. अजून विचारतात लोक आपल्याला."

ती बसली.

"सर, ते मत तुम्ही देत नाही."

तिने सगळं सांगितलं. सावलीचं, लाइटचं, पाच लिटरचं. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. वर्गात कुणी उत्तर चुकत चाललं की ते असेच गप्प बसत, ते तिला आठवलं.

"म्हणजे मी ह्या मशीनला 'हो' म्हणालो."

"तुमची सावली म्हणाली."

"कशावरून म्हणाली?"

"नजर जायच्या आधीची दोन वर्षं, सर. तुम्ही प्रत्येक वेळी 'हो' दाबलंत. न उघडता."

"तू पाठवलेलं होतं म्हणून दाबलं," सर म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. त्या काचेचा त्यांना आता काही उपयोग नव्हता. "मला वाटलं, तू बघितलेलं असणार."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काय करता येतं?" सरांनी विचारलं.

"एकेकाचं नाव काढलं तर प्रत्येकाचं कारण लिहावं लागतं, भांडणं होतील, पाच वाजून जातील. पण निकष लावता येतो. गेल्या वर्षभरात एकही चाचणी स्वतः उघडून शेवटपर्यंत न वाचता ज्यांची मतं पडली, ते सगळे एकदम गटाबाहेर. मतं लगेच पुन्हा मोजली जातात. तुमच्या अंगठ्याची गरज आहे." ती थांबली. "त्यात तुमचंही नाव जाईल, सर."

"ते कळलं मला. एवढं गणित येतं मला. वाच यादी. कोण कोण जातंय ते कळू दे, उगाच आंधळा अंगठा पुन्हा नको."

तिने निकष भरला. पडद्यावर आलं, 'वगळले जातील: तेरा'. ती वाचू लागली. आबासाहेब खराडे. जयश्री खराडे. मेहुणे. दोन डॉक्टर. मॅनेजर. पुतण्या. कै. दत्ताजीराव. साखर कारखान्याचे दोन संचालक. नगरसेवक. हुपरीकर सर.

आणि तिचा आवाज थांबला.

"बारा झाले," सर म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजले होते. "तेरावा?"

तेरावं नाव शर्वरी प्रताप इंगवले होतं.

तिने त्या नावावर बोट ठेवलं. खाली नोंदी उघडल्या. वर्षभरात चारशे सहा मतं. त्यातली तीनशे नव्वद फोनवरून, सरासरी चार सेकंदांत. उरलेली सोळा सावलीने दिलेली, परवाचं दोनशे बाराचं 'हो' त्यात. स्वतः उघडून शेवटपर्यंत वाचलेल्या चाचण्या: शून्य. आबासाहेबांचा फोन यायचा, ती 'हो' दाबायची. सावली तेच शिकली होती. सकाळपासून ती तेरा मानकऱ्यांना बोल लावत होती, आणि मानकरी बाराच होते.

सरांना दिसत नव्हतं. नावाच्या शेजारी 'अपवाद करा' असा एक लहान चौकोन होता. तिथे बोट टेकवलं असतं तर ती गटात राहिली असती, व्यवस्थापकाचे हक्क तिच्याकडेच राहिले असते. निकालही बदलला नसता. चार विरुद्ध एक, मशीन थांबलंच असतं. उलट तिच्या हाती हक्क राहणं कंपनीच्या भल्याचंच होतं, असं कुणालाही पटवता आलं असतं. तिने बोट चौकोनापर्यंत नेलं. कारण लिहायला एक ओळ उघडली. काय लिहावं? 'कामाची माणूस'? 'विशेष बाब'? तिला आठवलं, वहिनींच्या नावापुढे तिने 'विशेष बाब' लिहिलं होतं. मेहुण्यांच्या नावापुढे 'आबासाहेबांच्या सूचनेवरून, अपवाद म्हणून'. बाराच्या बारा अपवादच तर होते.

"शर्वरी?"

"मी आहे, सर. तेरावी मी आहे."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हं," एवढंच म्हणाले, आणि अंगठा पुढे केला. "कुठे लावू ते दाखव."

तिने त्यांचा हात धरून अंगठा काचेवर टेकवला. मग स्वतःचा. पाच वाजायला एकोणीस मिनिटं कमी होती.

सरांचा फोन टेबलावर बोलला, "आपल्याला संमती गटातून वगळण्यात आले आहे." तिच्या पर्समधला फोन तेच बोलला, अर्ध्या सेकंदाने मागे. शहरात आणखी नऊ फोन आत्ता तेच बोलत असतील, एक कॅनडात, आणि एक घोरपड्यांच्या देव्हाऱ्याशेजारी, दत्ताजीरावांच्या फोटोपाशी. लॅपटॉपचा पडदा करडा झाला. 'हे पान पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.'

"थांबलं का?" सरांनी विचारलं.

"मला कळत नाहीय," ती म्हणाली. "मला आता दिसत नाही, सर."

तिने नौशादला फोन लावला. पहिल्यांदा भलत्यालाच लागला.

"नौशाद, बघ रे पटकन. थांबलं का?"

"मॅडम, तुमचं नाव…"

"ते राहू दे. थांबलं का?"

"थांबा. उघडतोय." मग पलीकडे नुसता श्वास. तो वाचत होता. शर्वरीला वाटलं ओरडावं, वरचं तेवढं बघून सांग की. पण तो ओळ ओळ वाचत होता, जसा तो नेहमी वाचायचा, आणि तिच्याकडे वाट बघण्यापलीकडे दुसरं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात फोनवर दुसरा फोन टकटकू लागला. आबासाहेब खराडे.

"चार विरुद्ध शून्य," शेवटी नौशाद म्हणाला. "संमती नामंजूर. पाचची आवृत्ती रद्द. मी तीनशे चाळीसची यादीपण तपासली, एकाही मशीनवर गेलेली न्हाई."

"बरं," ती म्हणाली. "ठेव."

आबासाहेबांचा फोन थांबला आणि परत सुरू झाला. तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते खरंही होतं: आता काही करायची परवानगीच नाही मला, आबासाहेब. त्यावर कुणाला काही बोलता आलं नसतं, तिला रुसवाही सोसावा लागला नसता. तिने फोन उचलला.

"काय केलंस हे?" आबासाहेबांचा आवाज रागापेक्षा रडवेला जास्त होता. "सूनबाई, मेहुणे, सगळ्यांचे फोन यायला लागलेत. नावं परत घाल, शर्वरी. आत्ताच्या आत्ता."

"नाही," ती म्हणाली. शब्द तोंडातून इतका लहान निघाला, की आबासाहेबांना तो ऐकूच गेला नसावा. म्हणून तिने तो पुन्हा म्हटला. "नाही, आबासाहेब. घालता आली असती, तरी घातली नसती."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

उद्या सकाळी ऑफिसच्या दारावर आपलं कार्ड चालेल की नाही, हे शर्वरीला ठाऊक नव्हतं. सर भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे निघाले होते.

"चहा घेशील का?" त्यांनी विचारलं, आणि मग दारातच वळून म्हणाले, "नको असेल तर नाही म्हण. मला चालतं."

"घेईन," ती म्हणाली.